आवाज कुणाचा?

आमच्याकडची पोरे सायलेन्सर 'फोडतात'. हा क्रियापदाचा प्रयोग प्रथम कानी पडला तेव्हा माझ्यातला मराठीचा मास्तर क्षणभर सुखावला, हे कबूल करतो. नारळ फोडावा, डोके फोडावे, गुपित फोडावे, पेपर फोडावा (हा आमच्या व्यवसायातला), आणि अगदीच असह्य झाले म्हणजे हंबरडा फोडावा. या पंक्तीत सायलेन्सर शोभून दिसतो. कारखान्यातून गपगुमान बाहेर पडलेल्या सायलेन्सरच्या बुडाशी ड्रिलने चार-सहा भोके पाडायची, किंवा आतली नळी उपटून काढायची, किंवा शेपटाचा तुकडा कापून तिथे नळकामातला एखादा सॉकेट वेल्ड करायचा, म्हणजे तो फुटला. खर्च शंभर-दीडशे रुपये. वेल्डर ओळखीचा असेल तर एका चहावर भागते.

या विषयावर दिवाळी अंकासाठी लिहितो आहे असे कळल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये उत्साहाची लाट उसळली. "चांगले ठोकून काढा सर," असे ज्येष्ठ सहकारी म्हणाले. "पिढीच बिघडली," असे कनिष्ठ म्हणाले, जे स्वतः त्या पिढीपासून फार लांब नाहीत. वाचकांचीही अपेक्षा तीच असेल तर त्यांची थोडी निराशा होणार आहे. ठोकायचे तर आहेच. कुणाकुणाला, ते लिहिता लिहिता पाहू.

प्रथम हा त्रास म्हणजे नेमके काय, ते सांगतो. कारण पुष्कळांना तो 'डोके उठते' यापलीकडे ठाऊक नसतो. आमच्या शाळेत एस.एस.एल.सी.चे परीक्षा केंद्र असते. मागे एका वर्षी केंद्रात एक दृष्टिहीन मुलगी होती. तिला नियमाप्रमाणे लेखनिक दिला होता. लेखनिकाने प्रश्न वाचायचा, मुलीने उत्तर सांगायचे, त्याने ते लिहायचे. तिची सगळी परीक्षा म्हणजे कान आणि तोंड. आम्ही त्यांना रस्त्याकडची खोली दिली होती, कारण तिथे उजेड चांगला होता. उजेडाचा तिला काय उपयोग, हे आमच्या ध्यानात आले नाही. ही चूक आमची. दीड तासात त्या रस्त्यावरून फोडलेल्या सायलेन्सरची गाडी अकरा वेळा गेली. मी दाराशी उभा राहून मोजले. प्रत्येक वेळी मुलगी वाक्य अर्ध्यात तोडून थांबे, आवाज लांब जाईपर्यंत मान खाली घालून बसे, आणि मग लेखनिकाला विचारी, "कुठपर्यंत आलो होतो?" तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून तो तिला मागचे वाक्य वाचून दाखवू लागला. वेळ वाढवून मिळाला होता, तो असा खर्ची पडला. आम्ही पुढच्या पेपरला खोली बदलली. जो गाडी फिरवत होता त्याला यातले काही ठाऊक नव्हते आणि नाही. आवाज करणाराला आपला आवाज कुठे पोचला हे कधीच दिसत नाही, तो पुढे गेलेला असतो.

कायदा म्हणाल तर तो आमच्या बाजूला शिगोशीग भरलेला आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १२० वा नियम सांगतो, की प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तेवढा कमी करणारा सायलेन्सर हवा. ८० ते १७५ सी.सी.च्या दुचाकीला ७७ डेसिबल, त्याहून मोठीला ८०, अशी मर्यादा उत्पादकाला घालून दिलेली आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळा, इस्पितळे, न्यायालये यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरवता येते आणि तिथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबलांपलीकडे जायचे नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाखाली आवाजाचे निकष मोडणाराला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि गाडीवरचे पोर अल्पवयीन असेल तर १९९-अ कलम थेट बापाच्या गळ्याशी येते: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. हे सगळे मी पालक सभेत वाचून दाखवतो. पालक शांतपणे ऐकतात. सभा सुटते आणि फाटकाबाहेर चार-दोन गाड्या तशाच फुटक्या आवाजात सुरू होतात. त्यांतल्या निदान दोन पालकांच्या असतात.

आता त्या पोराविषयी. त्याचे नाव सांगत नाही. आमचाच माजी विद्यार्थी, एस.एस.एल.सी.त दोन विषय राहिले, मग उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला लागला. बेळगावकरांना सांगायला नको, पण इतर गावच्या वाचकांसाठी: ओतकाम थंड झाल्यावर त्याच्या कडेला राहिलेले जादा लोखंड ग्राइंडरने घासून काढायचे, त्याला फेटलिंग म्हणतात. बापाची जुनी स्प्लेंडर त्याच्याकडे आली. पोलिसांनी ती काँग्रेस रोडवर पकडली आणि हा माझ्याकडे आला.

"सर, तुम्ही एक शब्द टाकला तर सोडतात बघा ओ."

"कशाला फोडलास रे सायलेन्सर?"

"पिकअप वाढतंय सर. इंजिन मोकळं पळतंय."

"वाढला का?"

तो हसला. मग खाली बघत म्हणाला, "सर, आवाज नसला तर गाडी आलीया म्हणून कळतंय कुणाला ओ?"

पिकअपची गोष्ट आधी निकालात काढू, कारण हा शुद्ध खोटेपणा आहे आणि तो गॅरेजवाल्यांनी पसरवलेला आहे. चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल तर त्याची एक्झॉस्टची झडप मिनिटाला तीन हजार वेळा, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा उघडते. प्रत्येक वेळी तापलेला वायू दाबाखालून सुटतो, आणि त्याचा धक्का हाच तो आवाज. सायलेन्सरच्या पोटात कप्पे असतात, भोके पाडलेल्या नळ्या असतात. ध्वनीच्या लाटा कप्प्यांच्या भिंतींवर आपटून उलट फिरतात आणि मागून येणाऱ्या लाटांना छेदतात. वायू वाट काढत बाहेर जातो, ध्वनी आतल्या आत झिजतो. कार्बुरेटरचा जेट किती भोकाचा ठेवायचा हे अभियंत्यांनी याच नळीचा अडथळा हिशेबात धरून ठरवलेले असते. अडथळा काढलात आणि जेट तोच ठेवलात, की हवा जास्त आणि पेट्रोल कमी असे मिश्रण होऊ लागते; इंजिन तापते, आणि गॅस सोडला की मागून फट-फट होते. पोराला ती फट-फट म्हणजे ताकद वाटते. तो दोष आहे. साडेसात घोड्यांच्या आसपासची स्प्लेंडर शेपूट कापून आठ घोड्यांची होत नाही. असेच होत असते तर एवढे मोठमोठे कारखाने काढून बसलेल्या लोकांना वेल्डरच्या आधी ते सुचले नसते काय?

नव्या गाड्यांची गत याहून वाईट. १ एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस.६ गाड्यांत धूर शुद्ध करणारे पात्र याच एक्झॉस्टच्या वाटेवर बसवलेले असते. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले मौल्यवान धातू असतात. ते 'मोकळं' करण्याच्या नादात काढून टाकले जाते. भंगारवाल्याला त्याची किंमत ठाऊक असते, पोराला नसते. आणि 'फटाका मारणे' हा जो प्रकार आहे (चालत्या गाडीची किल्ली बंद करायची, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरात साठू द्यायचे, पुन्हा किल्ली फिरवायची, की बार उडतो), त्यात तर लिटरला शंभरी ओलांडलेले पेट्रोल अक्षरशः हवेत जाळले जाते. स्वस्तातला आवाज म्हणून ज्याची जाहिरात होते त्याचा जमाखर्च असा आहे. बाकीचा खर्च दुसऱ्याच्या नावावर मांडलेला असतो, म्हणून तो स्वस्त वाटतो.

पण पोराचे दुसरे वाक्य? त्याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्याचे कारण पस्तीस वर्षांपूर्वीचे आहे.

१९९० च्या सुमारास मी कॉलेजात होतो. माझ्या एका मित्राच्या वडिलांनी त्याला यामाहा आर.एक्स. हंड्रेड घेऊन दिली. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षे ती गाडी आपल्याकडे निघाली, पण त्या वयाच्या माणसांपुढे तिचे नाव काढून पाहा, डोळे कसे चमकतात ते. ९८ सी.सी.ची, अकरा घोड्यांची, दोन स्ट्रोकची. तिच्या सायलेन्सरच्या शेपटात एक बॅफलची नळी असे. तेलाची काजळी साचते म्हणून ती काढून साफ करायची सोय कंपनीनेच ठेवलेली. एक स्क्रू सोडवला की नळी हातात. आम्ही ती साफ करायला म्हणून काढली आणि परत बसवली नाही. खर्च शून्य. म्हणजे आजच्या पोराहूनही आमचे काम स्वस्तात झाले.

रात्री जेवण झाल्यावर कॅम्पात फेऱ्या मारायच्या. ज्यांनी बेळगावचा कॅम्प पाहिला आहे त्यांना ते जुने मोठे वृक्ष, ती लांबलांब कुंपणे, आणि दहा वाजता पडणारी शांतता आठवेल. त्या शांततेत आर.एक्स.चा तो पत्रा फाडल्यासारखा आवाज काय भरत असे! एके रात्री एका बंगल्याच्या फाटकाशी एक वृद्ध गृहस्थ येऊन उभे राहिले. आम्ही वळून दुसऱ्यांदा आलो तेव्हा त्यांनी आम्हाला हात जोडले. रागावले असते तर आम्ही घाबरलो असतो, कदाचित निसटलो असतो. त्यांनी हात जोडले आणि आम्हाला, काय सांगू, फार आनंद झाला. एवढा मोठा बंगला, एवढा वयस्क माणूस, आणि आमच्यासारख्या दोन भाड्याच्या खोलीतल्या पोरांपुढे हात जोडून उभा! त्या रात्री आम्ही तिसरीही फेरी मारली.

त्या घरात कुणी आजारी होते काय, हे विचारायला आम्ही गेलो नाही. नंतरही गेलो नाही. ते मला आता टोचते. पण तो आनंद खोटा नव्हता, आणि तो मला अजून आठवतो, म्हणून या पोरांना मी 'समजत नाही' असे म्हणू शकत नाही. चांगलाच समजतो. दीडशे रुपयांत जे विकत मिळते ते पिकअप नसते. आपण गेलो की माना वळतात, दारे उघडतात, म्हातारे दचकतात, हे मिळते. ज्याला घरात कुणी विचारत नाही, वर्गात ज्याचे नाव फक्त हजेरीला घेतले जात होते, कारखान्यात ज्याला 'ए फेटलिंग' म्हणून हाक मारतात, त्याला ही वस्तू दुसरीकडे कुठे एवढ्या स्वस्तात मिळेल? हे लिहिताना मला त्याची बाजू घ्यायची नाही. समजणे आणि सोडून देणे यांत फरक आहे, आणि तो फरक न कळल्यामुळे आमच्या क्षेत्रातले कित्येक भले लोक निकामी झाले आहेत.

या पोराशी बोलताना आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. बोलताना तो सारखा "काय म्हणालासा?" असे विचारत होता. वय वर्षे एकवीस. फेटलिंगच्या शेडमध्ये आवाज नव्वदीपलीकडे सहज जातो. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलांची मर्यादा धरतात. अमेरिकेतली नायोश ही संस्था ८५ च धरते, आणि त्यावर दर ३ डेसिबलांना वेळ निम्मा करायला सांगते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, शंभराला जेमतेम पाव तास. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नसते; दहा वाढले म्हणजे ऊर्जा दहापट. कारखान्यात बोळे मिळतात, असे तो म्हणाला. कुणी घालत नाही, घातले तर बाकीचे हसतात. आठ तास ग्राइंडर ऐकून बाहेर पडलेल्या माणसाचे कान काही काळ बधिर झालेले असतात. त्याला त्याची गाडी गप्प वाटते. मग तो आणखी दोन भोके पाडतो. शेजाऱ्यांची झोप उडते तेव्हा त्याला खरोखरच वाटत असते, की एवढा काही आवाज नाही. काही वर्षांनी बधिरपणा उतरायचा थांबतो आणि ते गेलेले परत येत नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत भयंकर भाग हा आहे, आणि त्यावर एकही अग्रलेख मी वाचलेला नाही. आपल्या गावची पोरे आपल्या डोळ्यांदेखत बहिरी होत आहेत आणि आपण त्यांना मस्तवाल म्हणतो आहोत.

एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, की आवाज असला म्हणजे लोक बाजूला होतात, अपघात टळतात. हा थोडा शिकलेल्या पोरांचा युक्तिवाद. सायलेन्सरचे तोंड मागे असते. ज्याला बाजूला व्हायचे तो पुढे असतो. आवाजाचा पहिला मान ज्याला तुम्ही ओलांडून गेलात त्याला. पुढच्यासाठी हॉर्न आहे, आणि एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा दिवा तर दिवसाही पेटता असतो. उलट त्या गदारोळात मागून येणारी रुग्णवाहिका चालवणाऱ्यालाच ऐकू येत नाही. अधिक काय सांगावे?

आता पोलिसांकडे येतो. कर्नाटकात काय आणि महाराष्ट्रात काय, अलीकडे एक सोहळा रूढ झाला आहे. पकडलेले सायलेन्सर काढून रस्त्यावर ओळीने मांडायचे, अधिकाऱ्यांनी मागे उभे राहायचे, आणि त्यांवरून रोड रोलर फिरवायचा. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून येते. दिसायला ते फार समाधानकारक असते, मलाही बरे वाटते. पण छायाचित्र जरा निरखून पाहा. पत्रा कुणाचा असतो? मोठ्या घरातली बुलेट घेऊन फिरणारी मुले दुकानात जाऊन 'इंदोरी' मागतात, 'पंजाब' मागतात. इंदूरच्या आमच्या मराठी बांधवांनी क्षमा करावी, पण त्यांच्या सुसंस्कृत शहराचे नाव आज गल्लीगल्लीत या कारणाने घेतले जाते. ज्यांची ऐपत याहून मोठी ते परदेशी बनावटीचे, काही हजारांचे सायलेन्सर लावतात. ही सगळी नळकांडी उघड्यावर, दुकानाच्या दर्शनी भागात, साखळीला ओवून टांगलेली असतात. तिथपर्यंत रोलर क्वचितच पोचतो. ज्या वेल्डरने सॉकेट जोडला त्यालाही फारसे कुणी विचारत नाही. रोलरखाली जातो तो बापाच्या जुन्या स्प्लेंडरचा पत्रा, आणि नवा ओरिजिनल घ्यायचा तर पोराचा आठवड्याचा पगार जातो. मग तो पुन्हा स्वस्तातला लावतो. माझे म्हणणे असे, की पोराला दंड कराच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याआधी विक्रेत्याच्या साखळीला हात घाला. ज्या दिवशी दुकानासमोर रोलर उभा राहील त्या दिवशी मी स्वतः नारळ घेऊन येईन.

हे झाले पोलिसांचे. पण पोलिसांना बोलणे सोपे असते, ते उलट दिवाळी अंकात लिहीत नाहीत. आपले काय?

त्या पोराला मी विचारले, की पहिल्यांदा कधी फोडलास. त्याने सांगितले ते ऐकून मी गप्प बसलो. एका निवडणुकीत दुचाकींची रॅली होती. पेट्रोलची चिठ्ठी मिळाली, गळ्यात घालायला पट्टा मिळाला, आणि वर सूचना मिळाली, की पोरांनो, आवाज पाहिजे. ती कोणत्या पक्षाची होती हे मी विचारले नाही, कारण उत्तराने काही फरक पडला नसता. मराठी असो, कन्नड असो, झेंडा कोणत्याही रंगाचा असो, या एका बाबतीत आपल्या भागात सीमावाद शिल्लक राहिलेला नाही. "आवाज कुणाचा?" म्हणून माईकवरून विचारणारे आपणच, आणि पोराने सायलेन्सर फोडून उत्तर दिले की कानावर हात ठेवणारेही आपणच. विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरवर भिंतच्या भिंत स्पीकर चढवायला वर्गणी देतो आपण. वरातीपुढे छाती हादरेपर्यंत वाजवतो आपण. या अंकाचे प्रकाशन ज्या सणाला होते त्या सणाच्या पहाटे, अभ्यंगस्नानाच्या आधी, गल्लीत लक्ष्मीबाँब कोण लावतो? मोठा आवाज म्हणजे मोठा माणूस, हे समीकरण पोराने कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. आमच्या अभ्यासक्रमात ते नाही, एवढी ग्वाही मी देऊ शकतो.

आणि आपल्या सीमाभागाला तर याची विशेष लाज वाटायला हवी. राज्य पुनर्रचना अंमलात आली त्या १ नोव्हेंबर १९५६ ची आठवण म्हणून काळा दिन पाळला जातो, त्याची आपली फेरी ही मूक सायकल फेरी. लहानपणी मी वडिलांच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून गेलो आहे. दंडाला काळी फीत. मी काहीतरी बोलायला गेलो तर वडिलांनी मागे न बघताच डावा हात मागे करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. पुढे सायकली, मागे सायकली, आणि ऐकू काय येत होते, तर चेनची कुरकुर आणि मधूनच एखादा ब्रेक. रस्त्याच्या कडेला माणसे उभी होती, तीही बोलत नव्हती. बंदोबस्ताचा पोलीससुद्धा हळू आवाजात बोलत होता. तो प्रश्न महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. त्याविषयी कुणाचे मत काही असो, पण त्या दिवशी आपण काय म्हणत होतो हे न समजलेला एकही माणूस त्या रस्त्यावर नसावा. आता फेरी म्हटले की पोरांच्या डोळ्यांपुढे सायकल येतच नाही.

जिथे या पोराची गाडी पकडली त्या काँग्रेस रोडला ते नाव १९२४ च्या अधिवेशनावरून पडले. गांधीजी अध्यक्ष होते असे ते एकमेव अधिवेशन. दर सोमवारी मौन पाळणारा माणूस, कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहून उत्तरे द्यायचा. शताब्दी २०२४ साली थाटात झाली. त्या रस्त्यावर रात्री दहानंतर एकदा उभे राहून पाहावे, एवढेच सुचवतो.

असो. मी पोलिसांकडे शब्द टाकला नाही. त्याला दंड भरायला लावला. थोडे पैसे कमी पडत होते ते मी दिले, आणि हे स्टाफरूममध्ये सांगितल्यावर "सर, तुम्हीच लाडावून ठेवता," असे ऐकून घेतले. अट एवढीच घातली, की जुन्या बाजारातून का होईना, धड सायलेन्सर आणून बसवायचा आणि गाडी मला दाखवायला आणायची. आणि कारखान्यात कानांत बोळे घालायचे, हसणारे हसू देत. पंधरा दिवसांनी तो आला. शाळेच्या आवारात गाडी सुरू करून दाखवली. आवाज बेताचा होता. बोळ्यांचे विचारले तर त्याने विषय टाळला.

निघताना किक मारून थांबला.

"सर, एक बोलू का? राग मानू नका."

"बोल की."

"तुमच्या गॅदरिंगचा स्पीकर आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येतोय ओ. गेल्या साली आजी रात्री अकरापर्यंत झोपली नव्हती बघा."

त्याचे घर शाळेपासून चांगले अर्धा किलोमीटर आहे.

यंदाचे संमेलन डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. स्पीकरवाल्याला निरोप धाडला आहे, की मैदानाबाहेर तोंड केलेले चारही कर्णे नकोत, आणि साडेनऊला बंद. त्याचे म्हणणे, कर्णे नसले तर भाडे तेवढेच पडेल. समितीच्या दोघा सभासदांनी मला बोलावून विचारले, की मग बाहेरच्या लोकांना आपले संमेलन चालू आहे हे कळणार कसे? बैठक पुढच्या रविवारी आहे.